आपत्ती आणि ग्रहमान: मेदिनीय ज्योतिषाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेदिनीय ज्योतिष म्हणजे नेमके काय?

व्यक्तीची पत्रिका पाहते ते होराशास्त्र. देश, राजा, पीकपाणी, रोगराई, युद्ध, भूकंप यांचा विचार करते ती संहिता. जुन्या विभागणीत ज्योतिषाचे तीन स्कंध आहेत, सिद्धांत म्हणजे गणित, होरा आणि संहिता. आज ज्याला मेदिनीय ज्योतिष म्हणतात ते या तिसऱ्या स्कंधातून आले. अलीकडे त्यात पाश्चात्त्य रीतीच्या बऱ्याच गोष्टी मिसळल्या आहेत. स्वतंत्र भारताची १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीची, दिल्लीची, वृषभ लग्नाची, म्हणजे त्या क्षणी पूर्वेला वृषभ रास उगवत असतानाची, कुंडली हे त्याचे ठळक उदाहरण. देशाला जन्मवेळ देऊन पत्रिका मांडण्याची ही कल्पना संहिताग्रंथांत नाही.

याचा मूळ आधार कोणता ग्रंथ?

मुख्यतः वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’, सहावे शतक, उज्जैन परिसर. तिच्यात सूर्यापासून केतूपर्यंत प्रत्येकाच्या ‘चारा’वर, म्हणजे आकाशातल्या चालीवर, अध्याय आहेत. पावसाच्या गर्भधारणेवर, उल्कांवर, भूगर्भातल्या पाण्यावर आहेत. भूकंपावर तर एक स्वतंत्र अध्याय आहे, बत्तिसावा. वराहमिहिराने आपली मते मांडण्याआधी गर्ग, कश्यप, वसिष्ठ अशा जुन्या आचार्यांची मतेही नोंदवली आहेत, हे या ग्रंथाचे मोठेपण.

त्या अध्यायात भूकंप कशामुळे होतो म्हटले आहे?

एकच कारण दिलेले नाही. कश्यपाचे मत, पाण्यातल्या प्रचंड प्राण्यांमुळे. गर्गाचे मत, पृथ्वीचा भार वाहणारे दिग्गज, म्हणजे दिशांचे हत्ती, विसावा घेतात म्हणून. वसिष्ठाचे, वारे एकमेकांवर आदळून जमिनीवर पडतात म्हणून. आणि वृद्धगर्गाचे, लोकांच्या धर्माधर्मातून उपजणाऱ्या ‘अदृष्टा’मुळे. हे चौथे मत अजून जिवंत आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड असल्याचे म्हटले आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्यावर जाहीर हरकत घेतली. या वादात ग्रह कुठेच नव्हते. आणि मजा अशी, की या चार जुन्या मतांतही ग्रह हे कारण म्हणून कुठे येत नाहीत.

म्हणजे ग्रंथात भूकंपाचे भाकीत करण्याची रीत नाही?

जवळजवळ नाही, आणि बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो. संहितेत भूकंप हा ‘उत्पात’ आहे. उत्पात तीन प्रकारचे मानतात, दिव्य म्हणजे ग्रहनक्षत्रांचे, आंतरिक्ष म्हणजे उल्का, निर्घात (आकाशातला गडगडाट), इंद्रधनुष्य यांचे, आणि भौम म्हणजे जमिनीवरचे. भूकंप भौम उत्पात. उत्पात हा संकेत असतो. तो घडला, तर पुढे राजावर, पिकावर, अमुक प्रदेशावर काय ओढवेल ते सांगायचे. थोडक्यात, ग्रंथ भूकंपावरून पुढचे वाचतो. आजचा ज्योतिषी ग्रहांवरून भूकंप वाचू पाहतो. बाण उलट्या दिशेने लावलेला आहे, आणि वाहिन्यांवर ‘बृहत्संहितेत सांगितल्याप्रमाणे’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना ते ठाऊक नसते.

पूर्वसूचना म्हणून ग्रंथात काही येते ते एवढेच, की भूकंपाआधी सात दिवस काही लक्षणे दिसतात. वायव्य मंडलाच्या (म्हणजे वायूच्या गटातल्या, मंडले पुढच्या प्रश्नात येतात) भूकंपाआधी दिशा धुरकट होणे, धूळ उडवत आणि झाडे मोडत वारा वाहणे, सूर्य निस्तेज दिसणे, अशी ती आहेत. फाल्गुन-चैत्रात मराठवाड्यात यातले निम्मे दर आठवड्याला दिसेल.

चार मंडले म्हणजे काय आणि ती कशी काढतात?

भूकंपाच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्यावरून मंडल ठरते. अभिजित धरून अठ्ठावीस नक्षत्रे, प्रत्येकी सातांचे चार गट. गटांची नावे इथे दिशांची नव्हेत, वायू, अग्नी, इंद्र आणि वरुण या देवतांची आहेत.

वायव्य: अश्विनी, मृग, पुनर्वसू, उत्तरा फाल्गुनी, हस्त, चित्रा, स्वाती.
आग्नेय: भरणी, कृत्तिका, पुष्य, मघा, पूर्वा फाल्गुनी, विशाखा, पूर्वा भाद्रपदा.
ऐंद्र: रोहिणी, अनुराधा, ज्येष्ठा, उत्तराषाढा, अभिजित, श्रवण, धनिष्ठा.
वारुण: आर्द्रा, आश्लेषा, मूळ, पूर्वाषाढा, शततारका, उत्तरा भाद्रपदा, रेवती.

याशिवाय ‘वेला’ पाहतात. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार समान भाग करायचे. पहिला वायूचा, दुसरा अग्नीचा, तिसरा इंद्राचा, चौथा वरुणाचा. हे भाग सूर्योदय-सूर्यास्तावरून निघतात, घड्याळाच्या सहा-बारावरून नव्हे. ही चूक नेहमीची. नक्षत्र आणि वेला एकाच देवतेची आली तर फळ पक्के. ऐंद्र आणि वायव्य एकत्र आले तर एकमेकांना मारतात, तसेच वारुण आणि आग्नेय.

व्याप्तीही दिली आहे: वायव्य २०० योजने (योजन हे अंतराचे जुने माप), वारुण १८०, ऐंद्र १६०, आग्नेय ११०. आणि मुख्य धक्क्यानंतर तिसऱ्या, चौथ्या, सातव्या दिवशी, पंधरवड्याने, महिन्याने किंवा तीन पक्षांनी पुन्हा धक्का बसला तर प्रमुख राजाचा नाश, असे सांगितले आहे. पश्चात्-धक्क्यांची ही नोंद मात्र डोळे उघडे ठेवून केलेल्या निरीक्षणातून आलेली वाटते.

एखादे प्रत्यक्ष उदाहरण करून दाखवाल का?

भूजचा भूकंप घेऊ. २६ जानेवारी २००१, सकाळी ८:४६, माघ शुद्ध द्वितीया. चंद्र धनिष्ठा नक्षत्रात, म्हणजे मंडल ऐंद्र. भूजला त्या दिवशी सूर्योदय साडेसातच्या सुमारास, दिनमान अकरा तासांचे, म्हणून दिवसाचा पहिला चतुर्थांश साधारण सव्वादहापर्यंत. ८:४६ त्यात बसते, म्हणून वेला वायूची. नक्षत्र इंद्राचे, वेला वायूची, दोघे परस्परांना मारक. ग्रंथाप्रमाणे फळ रद्द.

आता ऐंद्र भूकंपाने पीडा होणाऱ्या प्रदेशांच्या यादीत अर्बुद (अबूचा परिसर), सुराष्ट्र, माळवा आहेत. हे वाचून लगेच ‘बघा, सौराष्ट्र लिहिलेच होते’ म्हणणारे भेटतात. पण ती यादी भूकंपानंतर कुणाला त्रास होईल याची आहे, भूकंप कुठे होईल याची नव्हे. सौराष्ट्र वायव्य मंडलाच्या यादीतही आहे. शिवाय ऐंद्र भूकंप हवा तसा पाऊस देतो, असेही त्याच श्लोकात म्हटले आहे. ती ओळ कुणी वाचून दाखवत नाही.

मग आजचे ज्योतिषी वर्षाचे आपत्ती-भाकीत कसे मांडतात?

सर्वसाधारण क्रम असा.

आधी चैत्र शुद्ध प्रतिपदेची कुंडली. गुढीपाडव्याच्या सूर्योदयाची नव्हे, तर अमावास्या संपून प्रतिपदा लागते त्या क्षणाची, राजधानीच्या अक्षांश-रेखांशावर. मग मेष संक्रांतीची, १४ एप्रिलच्या आसपास. पावसासाठी सूर्याच्या आर्द्रा प्रवेशाची, २१-२२ जूनला. त्यावर वर्षातल्या ग्रहणांच्या कुंडल्या, आणि बारीक कालनिर्णयासाठी प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या. या सगळ्यांवर मंदगती ग्रहांचे गोचर, म्हणजे राशींतले चालू भ्रमण, ठेवतात. शनी राशीत सुमारे अडीच वर्षे, गुरू एक वर्ष, राहू-केतू दीड वर्ष.

कुंडलीत चतुर्थ स्थान भूमी, इमारती, खाणी आणि पिकांचे. अष्टम सामूहिक मृत्यूचे. लग्न म्हणजे प्रजा. चतुर्थ किंवा अष्टमात मंगळ, शनी, राहू यांपैकी दोघे एकत्र असले किंवा एकमेकांच्या दृष्टीत असले, आणि त्याच अंशाच्या आसपास ग्रहण झाले, तर ‘भूमिपीडा’ म्हणतात. ग्रह स्तंभी असेल, म्हणजे वक्री (उलटा) किंवा मार्गी (सरळ) होताना जागीच थबकलेला, तर जोर दुप्पट धरतात. भूजच्या वेळी गुरू आणि शनी दोघेही वृषभेत होते, आदल्याच दिवशी मार्गी झाले होते, आणि तुळेतल्या मंगळाची आठवी दृष्टी, म्हणजे स्वतःपासून आठव्या राशीवर मानलेला प्रभाव, वृषभेवर पडत होती. मागे वळून पाहताना याहून नीट बसणारे उदाहरण सापडणे कठीण. पण ही स्थिती साऱ्या पृथ्वीसाठी तीच होती. ती भूजकडे बोट कसे दाखवते, त्याचे उत्तर नाही.

कोणता ग्रह कोणत्या आपत्तीचा?

मंगळ: आग, स्फोट, भूकंप. शनी: दुष्काळ, कोसळणे, दरडी, थंडीची लाट. राहू: अचानकपणा, विषारी वायू, साथी. चंद्र आणि शुक्र: पाणी. बुध: वारा. गुरूला स्वतःची आपत्ती नाही, तो ज्याच्याशी जुळेल त्याचे प्रमाण वाढवतो. राशींत पृथ्वीतत्त्वाच्या वृषभ, कन्या, मकर भूकंपाकडे, जलतत्त्वाच्या कर्क, वृश्चिक, मीन पुराकडे, वायुराशी वादळाकडे, अग्निराशी वणव्याकडे. बारा राशी आणि चार तत्त्वे, म्हणजे ग्रह कुठेही असला तरी कुठली ना कुठली आपत्ती निघतेच. शिकणाऱ्याने ही अडचण पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी.

आपत्ती कोणत्या प्रदेशात, हे कशावरून?

कूर्मचक्रावरून. भारतवर्ष हे पूर्वेकडे तोंड केलेले कासव मानून त्याचे नऊ भाग करतात. कृत्तिका, रोहिणी, मृग मध्यभागी. मग आर्द्रेपासून तीन-तीन नक्षत्रे पूर्व, आग्नेय, दक्षिण अशी फिरत जातात. उत्तरा फाल्गुनी, हस्त, चित्रा दक्षिणेची, आणि कोकण, भरुकच्छ म्हणजे आजचे भडोच, याच भागात. स्वाती, विशाखा, अनुराधा नैर्ऋत्येची. शेवटी रेवती, अश्विनी, भरणी ईशान्येची. पापग्रह ज्या त्रयीला पीडित करेल त्या भागाला त्रास.

याची फूटपट्टी किती मोठी आहे ते पाहा. शनी एका नक्षत्रात साधारण तेरा महिने असतो, त्रयीत तीन वर्षांहून अधिक. ‘पुढच्या तीन वर्षांत दक्षिणेत त्रास’ हे वाक्य खोटे ठरवणे कुणालाच शक्य नाही. काही जण याऐवजी सर्वतोभद्र चक्र वापरतात, त्यात गावाच्या नावाच्या आद्याक्षरावरून वेध, म्हणजे ग्रहाची त्यावर पडणारी पीडा, काढतात. मुंबई की बॉम्बे, हा प्रश्न तिथे खराखुरा उभा राहतो.

पंचांगात राजा, मंत्री, मेघेश असतात, ते काय?

वर्षाचे मंत्रिमंडळच म्हणा. चैत्र शुद्ध प्रतिपदेला जो वार त्याचा स्वामी वर्षाचा राजा. मेष संक्रांतीच्या वाराचा स्वामी मंत्री, आर्द्रा प्रवेशाच्या वाराचा स्वामी मेघेश, म्हणजे पावसाचा अधिपती. मंगळ किंवा शनी मेघेश असला तर पाऊस कमी किंवा विस्कळीत, चंद्र किंवा शुक्र असला तर भरपूर. पाडव्याच्या पंचांगवाचनात हा भाग ऐकायला छान वाटतो. गणित मात्र सात वारांपलीकडे जात नाही.

नक्षत्राचे वाहन कसे काढतात? आमच्याकडे अजून ‘यंदा मृगाला वाहन कोणते’ विचारतात.

सूर्य ज्या क्षणी पर्जन्यनक्षत्रात जातो, त्या क्षणी चंद्राचे नक्षत्र पाहायचे. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत दोन्ही धरून मोजायचे आणि ९ ने भागायचे. बाकी १ घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव, ० हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे भरपूर पाऊस. मोर, उंदीर, गाढव मध्यम. कोल्हा, मेंढा कमी. घोडा असला तर डोंगरमाथ्यावर.

समजा सूर्य मृगात जाताना चंद्र अनुराधेत आहे. मृग १, आर्द्रा २ असे मोजत अनुराधा १३. नवाने भागून बाकी ४, मेंढा. चंद्र एका नक्षत्रात साधारण चोवीस तास असतो. प्रवेशाची वेळ थोडी पुढे गेली आणि चंद्र ज्येष्ठेत शिरला की बाकी ५, मोर. दोन पंचांगांत वाहन वेगळे दिसते ते यामुळेच.

आणि वाहन सगळ्या मुलखाला एकच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. दोघांच्या वरचे सूर्य-चंद्र तेच होते, वाहनही तेच.

सप्तनाडी चक्र याहून चांगले आहे का?

रचना अधिक बारीक आहे, म्हणून जाणकार तेच वापरतात. अठ्ठावीस नक्षत्रे सात नाड्यांत बसवली आहेत: चंडा (शनी), वायू (सूर्य), दहन (मंगळ), सौम्य (गुरू), नीर (शुक्र), जल (बुध), अमृत (चंद्र). पुनर्वसू, उत्तरा फाल्गुनी, उत्तराषाढा, पूर्वा भाद्रपदा नीर नाडीत. पुष्य, पूर्वा फाल्गुनी, अभिजित, शततारका जल नाडीत. आश्लेषा, मघा, श्रवण, धनिष्ठा अमृत नाडीत. या ओल्या नाड्यांत ग्रह जितके जास्त जमतील तितका पाऊस मोठा, आणि त्याच नाडीत चंद्र आला की तो दिवस धरायचा.

२६ जुलै २००५ ला सूर्य आणि शनी पुष्यात, जल नाडीत. बुध आश्लेषात आणि शुक्र मघात, दोन्ही अमृत नाडीत. चक्रवाले हे उदाहरण अभिमानाने देतात. पण खोलात गेलो तर दिसते ते असे: सूर्य दरवर्षी ५-६ जुलैला पुनर्वसूत जातो आणि पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा करत २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्तात पोहोचतो. ही सहाही नक्षत्रे ओल्या नाड्यांतली. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही, शुक्र ४७ अंशांपलीकडे. म्हणजे तीन ग्रह पावसाळ्यात बहुधा ओल्या नाड्यांतच सापडतात. चक्रात आपला पावसाळाच आधी शिवून ठेवलेला आहे. जुन्या शेतकऱ्याचे ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ हेही नक्षत्रांच्या नावाने सांगितलेले हवामानाचे दिनदर्शिकाज्ञानच, आणि तसे ते उपयोगाचे आहे.

पावसाच्या ‘गर्भा’चा हिशेब कसा असतो?

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेनंतर चंद्र पूर्वाषाढेत आला की गर्भलक्षणे पाहायला सुरुवात करायची: ढग, वारा, विजा, गडगडाट, खळे (सूर्य-चंद्राभोवतीचे कडे). ज्या दिवशी ती दिसतील त्यानंतर १९५ दिवसांनी पाऊस. शुक्ल पक्षातल्या गर्भाचा कृष्ण पक्षात, दिवसाच्या गर्भाचा रात्री. पद्धतीचे सौंदर्य असे, की तिच्यात निरीक्षण लिहून ठेवावे लागते आणि तारीख आधीच ठरते. आकाशाकडे पाहून केलेली, तपासता येणारी विधाने संहितेत सर्वांत जास्त इथेच आहेत. आज ती फार कमी ज्योतिषी वापरतात, कारण हिवाळाभर रोज वही भरावी लागते.

शनी रोहिणीत आला की बारा वर्षांचा दुष्काळ पडतो का?

शनी दर साडेएकोणतीस वर्षांनी रोहिणीतून जातो. तेवढ्याने काही होते असे ग्रंथही म्हणत नाही. अट ‘रोहिणीशकट भेदा’ची आहे. रोहिणीच्या पाच तारकांनी बनलेल्या गाड्याच्या आकृतीतून ग्रह प्रत्यक्ष जायला हवा. सूर्यसिद्धांताने मोजमाप दिले आहे: वृषभेच्या सतराव्या अंशात असताना ग्रहाचा दक्षिण शर, म्हणजे सूर्याच्या मार्गापासून दक्षिणेकडचे अंतर, दोन अंशांहून अधिक हवा. नुसती राशी-नक्षत्रे पाहून शकटभेद जाहीर करणाऱ्याने शर पाहिलेला नसतो. चंद्र मात्र हा गाडा अधूनमधून भेदत असतो.

ग्रहणानंतर भूकंप होतो हे कितपत खरे?

हा नियम सर्वाधिक फिरतो, म्हणून तारखा समोर ठेवू.

बिहार-नेपाळ, १५ जानेवारी १९३४: अमावास्येचा दिवस, सूर्य, चंद्र, मंगळ, शनी, राहू मकरेत. ज्योतिषांचे आवडते उदाहरण. पण ग्रहणे ३० जानेवारीला आणि १४ फेब्रुवारीला, म्हणजे भूकंपानंतर. कोयना, ११ डिसेंबर १९६७: आधीचे ग्रहण २ नोव्हेंबरला, ३९ दिवसांचे अंतर. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट: आधीचे ग्रहण जूनमध्ये, पुढचे नोव्हेंबरात. भूज: ९ जानेवारीला चंद्रग्रहण, १७ दिवस. सुमात्राची त्सुनामी, २६ डिसेंबर २००४: पौर्णिमा, पण ग्रहण दोन महिने आधी. नेपाळ, २५ एप्रिल २०१५: चंद्रग्रहण ४ एप्रिलला, २१ दिवस.

‘ग्रहणाच्या पंधरा दिवस आगेमागे’ म्हटले तर काठावर १९३४ तेवढा येतो. भूज हवा तर खिडकी १७ दिवसांची करा, नेपाळ हवा तर २१, कोयना हवी तर ४०. नियम असा घटनेमागून लांबत जातो.

दुसरी बाजू संख्येची. जगात ७ किंवा अधिक क्षमतेचे भूकंप वर्षाला सरासरी पंधराच्या आसपास होतात. ग्रहणांचे हंगाम साधारण दोन. प्रत्येकात पंधरवड्याच्या अंतराने दोन ग्रहणे आणि दोन्हीकडे १५ दिवस धरले तर ४५ दिवसांची खिडकी. तेवढ्यात, ग्रहांचा काही संबंध नसताना, ७ च्या वरचा निदान एक भूकंप होण्याची शक्यता ८० टक्क्यांहून जास्त. ‘ग्रहणानंतर जगात कुठेतरी मोठा भूकंप’ हे भाकीत कुणीही करावे.

चंद्रामुळे समुद्राला भरती येते, मग जमिनीवर परिणाम का नाही?

होतो. जमिनीलाही भरती-ओहोटी असते. २०१६ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी, फार मोठे भूकंप भरतीचा ताण जास्त असलेल्या दिवसांत होण्याकडे थोडा कल दिसतो, असे मांडले. पण हा कल सांख्यिकीय आहे. अमावास्या-पौर्णिमा महिन्यातून दोनदा येतात आणि बहुतेक वेळा काही होत नाही. भ्रंश, म्हणजे जमिनीखालची खडकातली भेग, आधीच सरकायला आला असेल तर शेवटची काडी, इतकाच त्याचा अर्थ.

इतर ग्रहांचे गणित करून पाहा. भरतीचे बल अंतराच्या घनाने घटते. सूर्याचे बल चंद्राच्या सुमारे ४६ टक्के. शुक्र अगदी जवळ आला तरी चंद्राच्या साधारण वीस हजारांश. गुरू प्रचंड असूनही लाखांशाहून कमी. एका रांगेत आले तरी बेरीज नगण्यच. कोयनेच्या बाबतीत तर भूकंपांचा संबंध जलाशयातल्या पाण्याशी जोडणारे पुरावे दशकानुदशके जमले आहेत.

अष्टग्रही योगाचे काय झाले होते?

३ ते ५ फेब्रुवारी १९६२. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत, शेवटी खग्रास सूर्यग्रहण. याहून ठळक योग संहितेच्या चौकटीत कल्पिणे अवघड. देशभर यज्ञ झाले, जप झाले, लोकांनी प्रवास रद्द केले. त्या तीन दिवसांत प्रलय आला नाही. पुढे ऑक्टोबरात चीनचे युद्ध झाले तेव्हा ‘हेच ते फळ’ म्हटले गेले. आठ महिन्यांनी फळ येणार असेल, तर फेब्रुवारीत यज्ञ कशाचे होते?

युरोपातही असेच घडले आहे. योहान्नेस श्टोफ्लर यांच्या १४९९ च्या पंचांगावरून फेब्रुवारी १५२४ मध्ये मीन राशीत ग्रह जमणार म्हणून महापुराची धास्ती पसरली, पुस्तिकांचा पाऊस पडला, महापूर आला नाही. आणि १९७४ मध्ये दोन शास्त्रज्ञांनीच ग्रहांच्या जमावामुळे १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सान आंद्रेआस भ्रंशावर भूकंप होईल असे पुस्तक लिहिले होते. तोही झाला नाही.

दोन ज्योतिषांची कुंडली वेगळी का येते? गणित तर संगणक करतो.

अयनांशामुळे, म्हणजे ऋतूंवरून मोजलेल्या आणि ताऱ्यांवरून मोजलेल्या (निरयन) राशिचक्रांत जे अंतर धरतात त्यामुळे. सूर्य एका दिवसात साधारण एक अंश चालतो, म्हणजे एक कला (अंशाचा साठावा भाग) चालायला चोवीस मिनिटे. लग्न दर चार मिनिटांनी एक अंश सरकते. म्हणून अयनांशात फक्त एका कलेचा फरक पडला तरी मेष संक्रांतीच्या कुंडलीचे लग्न सुमारे सहा अंशांनी बदलते. पाच कलांत सबंध रास. महाराष्ट्रात चित्रापक्षीय, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून मोजणाऱ्या, पंचांगांशेजारी टिळक पंचांगही चालते. ते रैवतपक्षीय, म्हणजे रेवतीवरून मोजणारे, त्याचा अयनांश सुमारे चार अंशांनी कमी. त्याची संक्रांत चार दिवस आधी. म्हणजे मंत्री वेगळा, मेघेश वेगळा, चतुर्थातला ग्रह वेगळा. भाकीत वाचताना अयनांश कोणता हे लिहिलेले नसेल तर पुढे वाचू नये.

दुसरी गोष्ट ऋतूंची. निरयन नक्षत्रे सुमारे ७२ वर्षांत एक दिवस ऋतूंच्या पुढे सरकतात. वराहमिहिराच्या काळापासून आर्द्रा प्रवेश जवळजवळ तीन आठवडे पुढे गेला आहे. जुन्या ग्रंथांतली अयने (सूर्य उत्तरेकडे-दक्षिणेकडे वळण्याची स्थाने) आणि आताची अयने जुळत नाहीत, हे स्वतः वराहमिहिराने आपल्या काळाबद्दल नोंदवले होते. त्याचे नाव घेणारे हे विसरतात.

भेंडवळची घटमांडणी हे ज्योतिषच ना?

नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती धान्ये ठेवतात आणि पहाटे त्यांत झालेल्या बदलांवरून अंदाज सांगतात. त्यात ग्रहगणित नाही. बातम्यांमध्ये दोन्ही एकाच मथळ्याखाली येतात एवढेच.

आपत्तीचे भाकीत पुढे पाठवले तर कायद्याने काही होते का?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, कलम ५४: आपत्तीबद्दल खोटा इशारा देऊन घबराट पसरवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. ‘फॉरवर्ड होऊन आले’ असे वर लिहिल्याने सुटका होते असे समजू नये. पाऊस, वीज, पूर यांच्या इशाऱ्यांसाठी हवामान खाते, ‘सचेत’ आणि विजेसाठी ‘दामिनी’ ही ॲप आहेत. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणारी कोणतीही शासकीय यंत्रणा नाही. तशी तारीख असलेला संदेश कुणाच्याही नावाने आला तरी बनावट.

स्वतः पडताळून पाहायचे असेल तर कसे?

एक वही करा. वर्षाच्या सुरुवातीला तीन-चार पंचांगांतली आणि वार्षिकांतली आपत्तीविषयक वाक्ये जशीच्या तशी उतरवा, छापल्याची तारीख लिहा. प्रत्येकापुढे पाच रकाने: काय, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, किती मोठे, आणि काय झाले नाही तर भाकीत चुकले म्हणायचे. पाचवा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य बाजूला काढा. बरीचशी तिथेच गळतील. उरलेल्यांपुढे वर्षअखेरीस निकाल लिहा, आणि जोडीला एक नियंत्रण ठेवा. तीच वाक्ये, पण तारखा चिठ्ठ्या टाकून काढलेल्या. चिठ्ठ्यांचे आणि ज्योतिषांचे गुण शेजारी मांडा. भूकंपांच्या तारखा राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीतून घ्या, वर्तमानपत्रांतून नको. तिथे ३.५ च्या धक्क्यालाही मोठा मथळा मिळतो आणि मोजणी बिघडते.